पहिला हेडफोन अ‍ॅम्प आणि त्यानंतरचा व्हॉल्व्ह बफर: घरी बांधणाऱ्यांसाठी

हेडफोन अ‍ॅम्प घरी बांधायचा म्हटलं की आधी ठरवायचं ते इतकंच, तो कुठल्या हेडफोनसाठी हवा आहे. फोनला लावायचा साधा यूएसबी डोंगल साधारण १ व्होल्ट आरएमएस देतो. ३२ ओहमच्या इअरफोनमध्ये त्याचे सुमारे ३१ मिलिवॅट होतात, आणि बहुतेक इअरफोनना ते कान दुखेपर्यंत पुरतात. तिथे अ‍ॅम्प लावून फारसं काही हाती लागत नाही. पण हाच १ व्होल्ट सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला दिला तर जेमतेम ३.३ मिलिवॅट मिळतात. बायरडायनॅमिक डीटी ८८० चं ६०० ओहमचं मॉडेल असेल तर त्याच्याही निम्मे. अशा हेडफोनवर ख्यालाचं जुनं, हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेलं गाणं लावलं की व्हॉल्यूम पूर्ण वर नेऊनही पोट भरत नाही. अ‍ॅम्पची खरी गरज इथे आहे.

गरज नसली तरी बांधा, मी अडवणार नाही. स्वतः सोल्डर केलेल्या पट्टीतून पहिला सूर येतो तेव्हाचा आनंद खरा असतो. फक्त एक गोष्ट सुरुवातीपासून पक्की धरा. नवीन माणूस कुठली आयसी (एका चिपमधलं सर्किट) ‘गोड’ आणि कुठला व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी) ‘उबदार’ याचा शोध घेण्यात आठवडे घालवतो. प्रत्यक्षात घरी बांधलेला अ‍ॅम्प बिघडतो तो वीजपुरवठ्यामुळे, ग्राउंडमुळे (सर्किटचा सामाईक शून्य बिंदू) आणि कच्च्या सोल्डरमुळे. म्हणून या लेखातला क्रम असा आहे: आधी वीज, मग मोजमाप, मग आयसी, आणि हेडफोन सगळ्यात शेवटी.

दोन वस्तू बांधू. पहिली बॅटरीवर चालणारा ‘सीमॉय’ अ‍ॅम्प. दुसरी त्याच्या आधी लावायचा, ४८ व्होल्टवर चालणारा व्हॉल्व्ह बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढे देणारा टप्पा. घरातल्या २३० व्होल्टला आपण कुठेच हात लावणार नाही. व्हॉल्व्हची पारंपरिक सर्किटं २०० ते ३०० व्होल्ट डीसीवर चालतात आणि स्विच बंद केल्यावरही त्यातले कंडेन्सर जीवघेणा चार्ज धरून बसू शकतात. ते काम पहिल्या वर्षाचं नव्हे.

हत्यारं आणि बाजार

२५ वॅटची टोकदार बिटाची सोल्डरिंग आयर्न पुरते. तापमान बदलता येणारी असेल तर ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. सोल्डर वायर ६३/३७ किंवा ६०/४० ची, आत रोझिन फ्लक्स असलेली घ्या. ६३/३७ मिश्रण १८३ अंशांवर एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, त्यामुळे जोड हलून खराब होण्याची शक्यता कमी असते. पत्र्याच्या कामासाठी मिळणारी आम्लाची पेस्ट बोर्डावर वापरू नका, ती तांबं खाते. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि काम करताना शेजारी खायला काही ठेवायचं नाही. खिडकी उघडी असावी.

डिजिटल मल्टिमीटर, कटर, नोज प्लायर, सोल्डर ओढायचा पंप एवढं आणखी लागेल. मल्टिमीटर स्वस्तातला चालेल, पण २०० मिलिव्होल्ट डीसीची रेंज त्यात हवीच. पुढे सगळं त्यावर आहे.

माल मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात. दुकानात ‘परफोरेटेड बोर्ड’ मागण्याऐवजी ‘झिरो पीसीबी’ म्हणा, आणि आयसीच्या सॉकेटला ‘८ पिन आयसी बेस’. रेझिस्टर १ टक्का मेटल फिल्मचे घ्या. ते इतके स्वस्त असतात की प्रत्येक किमतीचे दहा घेतले तरी बिल वाढत नाही. रंगपट्ट्या वाचायला शिका, पण लावण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजाच. निळ्या रेझिस्टरवर तपकिरी पट्टी आणि लाल पट्टी संध्याकाळच्या उजेडात सारखीच दिसते.

सीमॉय म्हणजे काय

चू मॉय यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे सर्किट प्रसिद्ध केलं आणि त्यांच्याच नावावरून ते ओळखलं जातं. दोन चॅनेलना मिळून एक ड्युअल ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारी आयसी, एकीत दोन), मूठभर रेझिस्टर, चार-पाच कंडेन्सर आणि ९ व्होल्टची बॅटरी. पुढे लोकांनी ते ऑल्टॉइड्स गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवायला सुरुवात केली आणि तीच त्याची ओळख झाली. आपल्याकडे शाळेची पत्र्याची कंपासपेटी त्या कामाला उत्तम. दोन बॅटऱ्या, बोर्ड आणि पॉट (व्हॉल्यूमची खुंटी) आरामात मावतात, आणि पत्रा बाहेरचा हम, म्हणजे विजेची घूं, अडवतो.

आता सामान, आपल्या बदलांसकट:

- ऑप-अ‍ॅम्प: ३०० ओहम आणि वरच्या हेडफोनसाठी ओपीए२१३४, ३२ ओहमच्या आसपासच्या हेडफोनसाठी एनजेएम४५५६
- ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्यांचे क्लिप, एक स्विच
- वीज विभागायला ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर
- आयसीच्या पिन ८ आणि ४ मध्ये लावायला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर
- प्रत्येक चॅनेलला: इनपुट कंडेन्सर, ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर, फीडबॅकला ४.७ किलोओहम आणि २.२ किलोओहम
- १० किलोओहमचा स्टीरिओ पॉट, ‘लॉग’ प्रकारचा, म्हणजे ज्यावर ए१०के लिहिलेलं असतं. बी१०के हा लिनियर, तो नको
- ३.५ मिलिमीटरचे दोन स्टीरिओ सॉकेट, एलईडी आणि तिच्यासाठी १० किलोओहम

इनपुट कंडेन्सर आणि रेझिस्टरच्या किमती आयसीवर अवलंबून आहेत, म्हणून वर लिहिल्या नाहीत. ओपीए२१३४ च्या इनपुटला फेट (जवळपास करंट न ओढणारे ट्रान्झिस्टर) असतात, त्याला १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड चालतो. एनजेएम४५५६ किंवा एनई५५३२ सारख्या बायपोलर इनपुटच्या (थोडा करंट ओढणाऱ्या साध्या ट्रान्झिस्टरच्या) आयसीला २२ किलोओहम आणि ०.४७ मायक्रोफॅरड लावा. दोन्ही जोड्यांची खालची मर्यादा साधारण १६ हर्ट्झच्या जवळ येते, म्हणजे ऐकू येणाऱ्या आवाजात काही फरक पडत नाही. हा बदल का, ते मोजमापाच्या वेळी कळेल.

मूळ सर्किटचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, ११ होता. आजचे डॅक (डिजिटल फाइलमधून ऑडिओ सिग्नल काढणारे डबे) बहुतेक २ व्होल्ट देतात. त्याला ११ ने गुणलं तर पॉट जरा हलवताच कान फाटतो, आणि पॉटच्या तळाच्या भागात डावा-उजवा आवाज सारखा नसतो. म्हणून ४.७ आणि २.२ किलोओहम: गेन १ अधिक ४.७ भागिले २.२, म्हणजे ३.१. एवढा पुरतो.

मधलं ग्राउंड

सीमॉयमध्ये समजून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याचं ग्राउंड. ऑप-अ‍ॅम्पला अधिक आणि उणे अशा दोन्ही बाजू लागतात. आपल्याकडे दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून १८ व्होल्ट आहेत. ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर त्याचे मधोमध दोन भाग करतात, आणि प्रत्येक भागावर ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बसतो. तो मधला बिंदू म्हणजे आपलं ग्राउंड. इनपुटची आणि हेडफोनची सामाईक तार तिथेच येते. डीसी ठरवतात ते रेझिस्टर, पण हेडफोनमधून परत येणारा ऑडिओ करंट सोसतात ते कंडेन्सर. त्यामुळे ते लहान ठेवले तर तबल्याच्या बायाचा खालचा भाग रोडावतो.

बॅटऱ्यांचा मधला जोडच ग्राउंड का करू नये, असं कुणीही विचारेल. करता येतो, आणि आवाजाच्या दृष्टीने ते चांगलंही आहे. पण मग एखादी बॅटरी आधी संपली किंवा तिचा क्लिप सुटला, तर आयसीचं आउटपुट एका टोकाला जाऊन बसतं आणि हेडफोनच्या कॉइलमधून डीसी वाहू लागतो. ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने २०११ मध्ये जो ‘ऑब्जेक्टिव्ह २’ अ‍ॅम्प प्रसिद्ध केला, त्यात खास या धोक्यासाठी बॅटऱ्या तोडणारं मॉसफेटचं सर्किट आहे. आपण रेझिस्टरने ग्राउंड बनवलं की एक बॅटरी उतरली तरी मधला बिंदू स्वतःहून मधेच राहतो. नवख्यासाठी हे जास्त सुरक्षित.

मात्र या ग्राउंडचा एक नियम आहे: ते बॅटरीच्या उणे टोकापासून ९ व्होल्ट वर आहे. सॉकेटचा धातूचा भाग कंपासपेटीच्या पत्र्याला टेकला की सगळी पेटी या ग्राउंडवर येते. ते ठीक आहे. पण मग बॅटरीची उणे तार पेटीला कुठेही लागता कामा नये. आतून जाड पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकचा कागद चिकटवा. तसंच, सीमॉयला भिंतीवरच्या अडॅप्टरवर चालवायचा मोह टाळा. अडॅप्टरचं उणे टोक आणि कॉम्प्युटरचं ग्राउंड कुठूनतरी एक झालं, तर खालच्या अर्ध्या भागाचं शॉर्ट होतं.

जोडणी

आधी कागदावर चौकटी आखून प्रत्येक भागाची जागा ठरवा. आयसी बेस मधोमध. या सगळ्या ड्युअल ऑप-अ‍ॅम्पच्या पिन सारख्याच असतात: १ आणि ७ आउटपुट, २ आणि ६ उणे इनपुट, ३ आणि ५ अधिक इनपुट, ४ ला उणे वीज, ८ ला अधिक वीज. डावा चॅनेल १-२-३, उजवा ५-६-७, म्हणजे बोर्ड बऱ्यापैकी आरशासारखा दोन बाजूंना मांडता येतो.

सिग्नलचा रस्ता असा: इनपुट सॉकेटमधून पॉटच्या वरच्या टोकाला, पॉटच्या मधल्या पायातून इनपुट कंडेन्सरला, तिथून पिन ३. पिन ३ वरून १०० किंवा २२ किलोओहम ग्राउंडला. पिन १ वरून ४.७ किलोओहम पिन २ ला, पिन २ वरून २.२ किलोओहम ग्राउंडला. पिन १ थेट हेडफोन सॉकेटच्या टोकाला. उजव्या चॅनेलला तसंच ५, ६ आणि ७ वर. सॉकेटमध्ये टोक डावं, मधलं कडं उजवं, मागचा भाग सामाईक.

काही जण आउटपुटला ४७ किंवा १०० ओहमचा रेझिस्टर घालतात. ३०० ओहमच्या हेडफोनला तो खपतो. ३२ ओहमच्या हेडफोनचा इम्पिडन्स (ऑडिओ करंटला होणारा विरोध) मात्र वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वेगळा असू शकतो, आणि मग हा रेझिस्टर त्याचा टोनच बदलतो. माझ्या मते तो नकोच.

०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आयसीच्या अगदी जवळ, पिन ८ आणि ४ च्या मध्ये. तो दूर बसवला किंवा विसरलात, तर वेगवान आयसी ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला स्वतःच थरथरू लागते. तेव्हा आवाज फक्त जरा कर्कश वाटतो, पण आयसीला बोट लावलं की चटका बसतो.

सोल्डर करताना आयर्नचं टोक बोर्डावरच्या तांब्याला आणि भागाच्या पायाला एकाच वेळी टेकवा, सेकंद-दोन सेकंद तापू द्या, आणि वायर आयर्नला नाही तर तापलेल्या जोडाला लावा. सोल्डर पसरून पायाभोवती निमुळता चढला पाहिजे. गोळी होऊन बसला तर तो जोड कच्चा. असा एकही सोडू नका, कारण तो आज चालतो आणि महिन्याने डब्याला धक्का लागला की एका कानातला आवाज जातो.

हेडफोनआधी मीटर

आयसी बेसमध्ये काहीही न बसवता बॅटऱ्या जोडा. पिन ८ आणि ४ मध्ये नव्या बॅटऱ्यांवर १८ किंवा जरा जास्त व्होल्ट दिसले पाहिजेत. ग्राउंडपासून पिन ८ ला अधिक ९, पिन ४ ला उणे ९. दोन्हीत पाव व्होल्टपेक्षा जास्त तफावत असेल तर एखादा रेझिस्टर चुकीचा आहे किंवा इलेक्ट्रोलिटिक उलटा बसला आहे. उलटा इलेक्ट्रोलिटिक फुगतो, कधी फुटतो, म्हणून चेहरा बोर्डाच्या वर नेऊन वाकू नका.

स्विच बंद. आयसीवरची खाच बघून ती बसवा. आता मीटर मिलिअ‍ॅम्पिअरवर लावून बॅटरीच्या एका तारेत मधे घाला आणि चालू करा. ओपीए२१३४ ला विश्रांतीत साधारण ८ मिलिअ‍ॅम्पिअर लागतात, विभाजकाला २, एलईडीला दीड. म्हणजे ११ ते १२. तीस-चाळीस दिसले तर लगेच बंद करा.

मग ही मोजणी, जिच्यासाठी हा सगळा क्रम लावला: मीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर, व्हॉल्यूम शून्यावर, ग्राउंड आणि पिन १, मग ग्राउंड आणि पिन ७. इथे दिसणारा आकडा म्हणजे तुमच्या हेडफोनमधून कायम वाहणारा डीसी. ओपीए२१३४ ला तो ५-६ मिलिव्होल्टच्या आत येतो. २० पर्यंत मी चालवून घेईन. त्यापुढे हेडफोन लावायचा नाही, कारण शोधायचं.

बायपोलर आयसीला लहान रेझिस्टर का, त्याचं उत्तर इथे आहे. एनई५५३२ च्या इनपुटमधून साधारण २०० नॅनोअ‍ॅम्पिअर करंट वाहतो. १०० किलोओहममधून तो गेला की २० मिलिव्होल्ट होतात, आणि गेनमुळे आउटपुटला ६०. २२ किलोओहम लावले की तेच १३-१४ वर येतात. आयसी बेसमध्ये एकामागून एक आयसी बदलून ‘आवाजातला फरक’ ऐकणारे बरेचदा हा फरक ऐकत असतात. याच हिशेबाने एक चाचणीही मिळते. बाजारात जुन्या, स्वस्त आयसीवर महाग नाव छापून विकणं सर्रास चालतं. तुम्ही ओपीए२१३४ म्हणून आणलेली आयसी १०० किलोओहमवर ५०-६० मिलिव्होल्ट दाखवत असेल आणि जोडणी बरोबर असेल, तर आतमध्ये फेट इनपुट नाहीत. पैसे परत मागा.

मोजमाप जमलं की हेडफोन सॉकेटला ३३ ओहमचे दोन रेझिस्टर लावून दहा मिनिटं गाणं वाजू द्या, आयसीला हात लावून बघा. मग फोनसोबत येणारा जुना इअरफोन. तो ठीक वाजला, चालू-बंद करताना मोठा ठोका आला नाही, तर तुमचा चांगला हेडफोन. तरीही सवय लावा की आधी अ‍ॅम्प चालू करायचा, मग हेडफोन लावायचा, आणि काढताना उलट.

आता आयसीच्या निवडीबद्दल थोडं. १८ व्होल्टवर ओपीए२१३४ ३०० ओहमच्या हेडफोनला जवळपास ५ व्होल्ट आरएमएस देते, म्हणजे ८० मिलिवॅटच्या आसपास. भरपूर. तीच आयसी ३२ ओहमला मात्र २० मिलिवॅटवर थकते, कारण ती ३५-४० मिलिअ‍ॅम्पिअरपेक्षा जास्त करंट देऊच शकत नाही. तिथे आणखी बॅटऱ्या लावून काहीही होत नाही. एनजेएम४५५६ ७० मिलिअ‍ॅम्पिअर देते, म्हणून ऑब्जेक्टिव्ह २ च्या आउटपुटलाही तीच आहे. नाव साधं, किंमत साधी, पण या कामाला नेमकी.

व्हॉल्व्ह बफर

व्हॉल्व्ह बफर लावल्याने आवाज ‘सुधारतो’ असं मी सांगणार नाही. बफर सिग्नल वाढवत नाही, त्याचा गेन १ पेक्षा थोडा कमीच असतो. तो थोडासा दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) मिसळतो, आणि कुणाच्या कानाला ते बरं वाटतं. तरीही बांधण्यासारखा आहे. तापलेल्या कॅथोडवरून निघालेले इलेक्ट्रॉन जाळीच्या व्होल्टेजने अडवायचे किंवा सोडायचे, हे शंभर वर्षांपूर्वीचं तंत्र स्वतःच्या टेबलावर मोजून बघायला मिळतं. आपल्या देशाचाही त्यात वाटा आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, आणि जुन्या रेडिओ मेकॅनिककडे ‘बेल’ छापलेले व्हॉल्व्ह आजही निघतात. नवीन हवा तर स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीचा ईसीसी८२ घ्या.

ईसीसी८२ आणि १२एयू७ हे एकाच व्हॉल्व्हचं युरोपीय आणि अमेरिकी नाव. एका काचेत दोन ट्रायोड (प्रत्येकात कॅथोड, जाळी म्हणजे ग्रिड, आणि इलेक्ट्रॉन गोळा करणारी प्लेट), म्हणजे एकच व्हॉल्व्ह दोन्ही चॅनेलना पुरतो. तो कमी व्होल्टेजवर चालतो का, अशी शंका रास्त आहे. ट्रान्झिस्टर नुकते आले होते त्या काळात मोटारींच्या रेडिओसाठी थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्ह निघाले होते. ईसीसी८६ हा त्यातलाच. १२एयू७ चीही तशी आवृत्ती होती, १२यू७. १२ व्होल्टवर मात्र करंट फार थोडा मिळतो, म्हणून आपण ४८ वर जाऊ. हा व्होल्टेज सापडतो जुन्या आयपी फोनच्या अडॅप्टरमध्ये. पीट मिलेट यांच्या ‘स्टार्व्हिंग स्टुडंट’ या प्रसिद्ध हायब्रीड (व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेल्या) हेडफोन अ‍ॅम्पचं सर्किटही ४८ व्होल्टवरच बेतलेलं आहे. हीटरसाठी वेगळा १२ व्होल्ट १ अ‍ॅम्पिअरचा अडॅप्टर. दोन्हींची उणे टोकं बोर्डावर एकाच बिंदूला आणा आणि बाकीची सगळी ग्राउंडं तिथूनच फाका.

सर्किट कॅथोड फॉलोअरचं, म्हणजे आउटपुट कॅथोडवरून घेणारं. अडॅप्टरच्या ४८ व्होल्टमधून १ किलोओहम, मग २२० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा कंडेन्सर ग्राउंडला, म्हणजे अडॅप्टरची खरखर गाळली जाते. त्या कंडेन्सरवर ४७ किलोओहम आडवा, बंद केल्यावर चार्ज उतरावा म्हणून. इथून दोन्ही प्लेट, पिन १ आणि ६, सरळ जोडा. त्याच बिंदूवरून ३३० किलोओहम आणि खाली २२० किलोओहमचा विभाजक. त्याच्या मध्यावर १० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट ग्राउंडला, आणि मध्यावरून प्रत्येक चॅनेलसाठी १ मेगओहम. इनपुट ०.२२ मायक्रोफॅरड फिल्म कंडेन्सरमधून येतो, या १ मेगओहमच्या टोकाला मिळतो, आणि १ किलोओहममधून ग्रिडला जातो, पिन २ आणि ७. कॅथोड, पिन ३ आणि ८, २२ किलोओहमने ग्राउंडला. कॅथोडवरून २.२ मायक्रोफॅरड १०० व्होल्टच्या फिल्म कंडेन्सरमधून आउटपुट, आणि आउटपुटवर १०० किलोओहम ग्राउंडला.

हीटर: पिन ४ आणि ५ ला १२ व्होल्ट, पिन ९ मोकळी. ४ आणि ५ एकत्र करून ९ शी जोडणी ६.३ व्होल्टसाठी असते. तिला १२ दिलेत तर हीटर जळाला. बेसच्या पिन खालून बघून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायच्या. वरून मोजल्या तर सगळं उलटं होतं. ईसीसी८८ तसाच दिसतो आणि तसाच बसतो, पण त्याचा हीटर ४ आणि ५ मध्ये ६.३ व्होल्टचा आहे. या बेसमध्ये तो लावू नका.

मोजमाप इथेही आधी. व्हॉल्व्ह न लावता पिन १ आणि ६ वर ४७ च्या आसपास. विभाजकाच्या मध्यावर १८-१९. तेच ग्रिडच्या पिनवर मोजाल तर दीड-दोन व्होल्ट कमी दिसतील. मीटरचा स्वतःचा १० मेगओहम त्या १ मेगओहममधून ओढतो म्हणून. घाबरू नका. वीज काढा, अर्धा मिनिट थांबा, व्हॉल्व्ह सरळ दाबून बसवा, पुन्हा चालू करा. काचेतला हीटर मंद लालसर दिसला पाहिजे. कित्येक तयार बोर्डांत बेसखाली केशरी एलईडी असते, तिच्यावर जाऊ नका. मिनिटभराने कॅथोड मोजा: १८ ते २१ व्होल्ट. म्हणजे प्रत्येक ट्रायोडमधून जवळपास ०.९ मिलिअ‍ॅम्पिअर. कॅथोडवर शून्यच राहिलं तर हीटर किंवा बेसची जोडणी तपासा.

या ०.९ मिलिअ‍ॅम्पिअरमुळेच बफरला थेट हेडफोन लावता येत नाही. ३२ ओहममध्ये त्याचे तीसेक मिलिव्होल्टही होत नाहीत, आणि बफरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स सात-आठशे ओहम आहे. त्याला सीमॉयच्या १० किलोओहम पॉटसारखाच श्रोता हवा. डॅक, मग बफर, मग सीमॉय, मग हेडफोन. सीमॉय बॅटरीवर तरंगता असल्यामुळे त्याचं मधलं ग्राउंड बफरच्या ग्राउंडशी निर्धास्त जोडता येतं. दोन्ही एका अडॅप्टरवर चालवायचा विचार पुन्हा मनात आला, तर वरचा शॉर्टचा परिच्छेद परत वाचा.

चालू करताना बफर आधी. कॅथोड तापून वर चढताना २.२ मायक्रोफॅरड चार्ज होतो आणि आउटपुटला मोठा ठोका येतो. मिनिटभर थांबा, मग सीमॉय, मग हेडफोन.

हम आला तर

खोल, गोल ‘घूं’ म्हणजे ५० हर्ट्झ: कुठली तरी शिल्ड सुटली आहे, इनपुटची तार उघडी आहे किंवा ग्राउंडचा वळसा झाला आहे, म्हणजे ग्राउंड दोन रस्त्यांनी जोडलं गेलं आहे. पेटीला हात लावल्यावर तो कमी-जास्त होत असेल तर पेटी ग्राउंडशी जोडलेली नाही. त्याहून तीक्ष्ण, १०० हर्ट्झची घरघर वीजपुरवठ्यातून येते; बॅटरीवर ती येऊच नये. बारीक शीळ आली तर स्विचिंग अडॅप्टर बदलून बघा. आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर हम गेला तर तुमच्या सोल्डरिंगमध्ये दोष नाही.

हम तपासताना गाणं लावू नका. तानपुरा तर नकोच, त्याच्या अखंड षड्जात पुष्कळ काही लपतं. इनपुट सॉकेटचं टोक, मधलं कडं आणि ग्राउंड जोडून टाका, व्हॉल्यूम हळूहळू पूर्ण वर न्या, रात्री पंखा बंद करून ऐका. काही ऐकू आलं नाही तर इनपुट मोकळा करून हळू आवाजात एकाच कलाकाराचं गायन लावा आणि आवाज बरोबर मधे येतो का बघा. डावीकडे-उजवीकडे सरकला तर पॉटच्या दोन पट्ट्या जुळत नाहीत, दुसरा पॉट आणा. व्हॉल्व्हच्या काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की हेडफोनमध्ये ‘टिंग’ येणं थोडंफार स्वाभाविक आहे. ती घुमत राहिली तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक आहे, बेसखाली रबराचे वॉशर घाला किंवा व्हॉल्व्ह बदला.

हे दोन्ही नीट चालले की पुढे ऑब्जेक्टिव्ह २ बांधा. त्याचा बोर्ड दाट आहे, भाग जास्त आहेत, आणि वीज १४ ते २० व्होल्ट एसी अडॅप्टरवरून येते, म्हणून ट्रान्सफॉर्मर असलेला एसी आउटपुटचा अडॅप्टर शोधावा लागतो. साधा डीसी अडॅप्टर तिथे चालत नाही.